हेमराजभाऊ आल्याशिवाय

रामाकोन्याच्या बुद्धविहारात मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे. तिला सगळे अभ्यासिका म्हणतात. त्या खोलीतलं नेट बंद पडलं, की गावात एकच वाक्य ऐकू यायचं : "हेमराजभाऊले बलवा." हे वाक्य ऐकायला हेमराज सोमकुवरचे कान कायम टवकारलेले असायचे, ते मात्र गावाला ठाऊक नव्हतं.

हेमराज चाळिशीला टेकलेला माणूस. सौंसरच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांचं वजन झालं की संगणकावर पावती काढून द्यायची, हे त्याचं काम. नोकरी बरी होती, पण तिथं त्याला नाव नव्हतं. गाडीवाले त्याला "ओ पावतीवाले" म्हणत. घरी त्याहून अवघड. धाकटा भाऊ आशिष बैतूलकडे वनखात्यात लागलेला. वडिलांना घरचे-दारचे सगळेच बापूजी म्हणत. हे बापूजी चार माणसांत बसले, की आशिषचा युनिफॉर्म, आशिषचं क्वार्टर, आशिषला साहेबानं काय म्हटलं, यातच संध्याकाळ व्हायची. मोठ्याचं कोणी विचारलंच तर "तो हाय ना इथंच" एवढ्यावर विषय मिटायचा. कॉलेज अर्ध्यात सोडून हा पोरगा नागपुरात सीताबर्डीच्या एका संगणक दुरुस्तीच्या दुकानात राबला होता, तिथून काहीबाही शिकून आला होता, याची बापूजींच्या लेखी कवडीची किंमत नव्हती.

पण जे शिकला ते तो मन लावून शिकला होता. त्या दुकानाचा मालक मोठा चक्रम. लिनक्सशिवाय दुसरं नाव घेऊ द्यायचा नाही आणि माउसला हात लावला की खेकसायचा. जे करायचं ते काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करून. हेमराजच्या बोटांना ती सवय लागली ती लागलीच.

पुढं गावच्या एका निवृत्त बँकवाल्यानं विहाराला जुने संगणक आणून दिले. इतके जुने, की नवं काही घातलं की धापा टाकायचे. हेमराजनं त्यांत लिनक्स टाकलं आणि ते चालू लागले. मग बाहेरून नेटची एक तार आली. ती कोपऱ्यातल्या एका संगणकात शिरायची आणि तिथून बाकीच्यांना वाटली जायची. त्या कोपऱ्यातल्या संगणकाला दोन नेटवर्क कार्डं होती : एक बाहेरच्या तारेचं, एक खोलीतल्या तारांचं. दोघांना पत्ते द्यायचे, दोघांना जागं करायचं, बाहेर जायचा रस्ता कुठला ते सांगायचं, आणि इकडून आलेलं तिकडं जाऊ दे म्हणून परवानगी द्यायची. चार-पाच ओळींचा मामला. हेमराज खुर्ची ओढून बसायचा, बोटं मोडायचा, "आयपी अ‍ॅडर अ‍ॅड" वगैरे मंत्र त्या काळ्या पडद्यावर उमटायचे, आणि शेवटची ओळ मारली की खोलीतून एकदम "आलं, आलं!" असा गलका व्हायचा.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथंच आहे. असं टाइप करून दिलेलं सगळं संगणक चालू आहे तोवरच टिकतं. लाइट गेली आणि तो बंद पडला, की परत चालू होताना त्याला काहीएक आठवत नाही. आठवावं असं वाटत असेल तर त्याच ओळी एका फाइलमध्ये लिहून ठेवायच्या. मग तो उठला की आपणच ती फाइल वाचतो आणि आपणच कामाला लागतो. माणूस लागत नाही. हे हेमराजला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सीताबर्डीच्या मालकानं ते डोक्यात ठोकून भरलं होतं.

पहिल्या दिवशी त्यानं फाइल लिहिली नाही ती खरोखर घाईत होता म्हणून. उद्या लिहू म्हणाला. दुसऱ्या दिवशी लाइट गेली, आली, आणि अभ्यासिका सांभाळणारे प्रवीण गुरुजी धावत त्याच्या दारात आले. "हेमराजभाऊ, तुमच्याशिवाय होत नाही जी." अंगणात बापूजी बसलेले. त्यांनी मान वर करून आधी गुरुजींकडे पाहिलं, मग मोठ्या लेकाकडे. नुसतं पाहिलं. पण त्या पाहण्यानं हेमराजच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या दिवशीही फाइल लिहायची राहिली.

त्यानंतर ती राहतच गेली. आमच्याकडे लाइट जायला कारण लागत नाही. कावळा तारेवर बसला तरी जाते. विहाराची बॅटरी केव्हाच फुगून बसली होती. म्हणजे दर आठ-पंधरा दिवसांनी बोलावणं ठरलेलं. हेमराज इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा. अभ्यासाला आलेली पोरं बाजूला सरायची, कोणीतरी चहा सांगायचं, आणि तो टाइप करू लागला की खोली चिडीचूप व्हायची. एकदा बापूजी स्वतः मागं येऊन उभे राहिले. शेजारच्याला हळूच म्हणाले, "आमचं मोठं हाय हे." हेमराजनं ऐकलं. त्याला वाटलं, आता मेलो तरी चालेल. घरी आल्यावर बायकोनं, अमितानं, विचारलं, "एवढं खुश व्हाले काय झालं जी?" तर सांगता येईना. लाइट गेली होती, एवढंच म्हणाला.

तेवढ्यासाठी त्यानं ती फाइल लिहिली नाही. पैसा नव्हता त्यात, कोणाचं वाईटही चिंतलेलं नव्हतं. आपल्यावाचून अडावं, एवढीच हौस. आणि कोणी दुसऱ्यानं बसून काही करू नये म्हणून त्यानं त्या संगणकाला पासवर्ड लावला होता. तो कोणता, ते पुढं येईलच.

गुलाब गजभिये गावातल्याच एका संत्र्याच्या बगिच्यावर सालदार. सबंध वर्ष त्याच बगिच्यात राबायचं, तिथंच कडेला दोन खोल्यांत राहायचं. तापट, कमी बोलणारा, आणि पोरीच्या शिक्षणापायी जीव टाकणारा. त्याची पोरगी दामिनी बारावी होऊन नर्सिंगला जायचं म्हणून हटून बसली होती. नागपूरच्या एका कॉलेजात फुकट शिकवायच्या थोड्या जागा होत्या, त्यासाठी ऑनलाइन परीक्षा होती. ती मोबाइलवर चालत नव्हती, संगणकच पाहिजे, आणि समोर कॅमेरा पाहिजे. ते सगळं अभ्यासिकेत होतं; मोबाइलचं नेट तर गावात धड लागतच नव्हतं. एप्रिलमधला रविवार, सकाळी अकराला सुरुवात. अर्ध्या तासाच्या आत जो पेपर उघडणार नाही, त्याला मग उघडता येणार नव्हता.

शनिवारी संध्याकाळी दामिनी सराव करत बसली होती. हेमराजही होता. कोपऱ्यातल्या संगणकापाशी बसून सगळं तपासत होता. सगळं ठीक होतं.

"काकाजी, उद्या लाइट गेली तं?" दामिनीनं विचारलं.

"मी हाओ ना," हेमराज म्हणाला.

त्याची बोटं तेव्हा त्याच कीबोर्डवर होती. फाइल लिहायला चहा निवेल एवढाही वेळ लागला नसता. आणि इथं सांगायला लाज वाटते पण सांगितलंच पाहिजे : त्याच्या मनाच्या एका कोपऱ्यात असं चित्र उभं होतं, की उद्या ऐन वेळेला लाइट जाते, सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं, गुलाब हात जोडून धावत येतो, आणि हेमराजभाऊ येऊन पोरीचा पेपर वाचवतात. असं व्हावं असं त्याला वाटत नव्हतं. पण झालं तर वाईट वाटलं नसतं. त्यानं पडदा बंद केला आणि घरी गेला.

रविवारी सकाळी घरीच थांबायचा बेत होता. तेवढ्यात पांढुर्ण्याहून मनोहर बोबडेचा फोन आला. मनोहरचं तिथं संत्री धुऊन, निवडून पेट्या भरायचं शेड. त्याच्या ऑफिसातले दोन संगणक एकमेकांशी बोलायचे बंद झाले होते. "हेमराजजी, तुमच्याशिवाय हे काम नाही होणार. दोन जण येऊन गेले, हात टेकले त्यायनं." झालं. रामाकोन्याचं बोलावणं कितीदा आलं होतं, पण पांढुर्ण्याचं हे पहिलंच. सकाळी लवकर निघालो तर दहापर्यंत परत, असा हिशेब करून त्यानं मोटारसायकलला किक मारली. अमिता म्हणाली, "गुलाबभाऊच्या पोरीचा पेपर हाय ना आज?" तो म्हणाला, "येतो ना मी."

काम लवकर झालं, खरं तर. पण मनोहरनं पोहे-जिलबी मागवली. शेडवरची माणसं गोळा झाली. एक जण "साहेब, आमच्या घरचंही पाहून द्या ना" म्हणाला. साहेब! हेमराजनं घड्याळाकडे पाहिलं आणि परत पाहिलं नाही.

तोंडात घास असताना फोन वाजला. प्रवीण गुरुजी.

"हेमराजभाऊ, लाइट जाऊन आली जी. नेट नाही. पोरगी बसून हाय. अकराले पेपर हाय तिचा."

"मशीन चालू झाली का?"

"झाली ना. पासवर्ड मागून राहिली. तुमी सांगा, मी टाइप करतो. मंग पुढं काय लिहाचं तेही सांगा."

गुरुजी शहाणा माणूस. इंग्रजी वाचणारा, शाळेचे सगळे अर्ज ऑनलाइन भरणारा. एकेक अक्षर सांगितलं असतं तर त्यांनी नक्की टाइप केलं असतं. हेमराजला त्या ओळी झोपेत उठवून विचारल्या तरी सांगता आल्या असत्या. त्यानं तोंड उघडलंसुद्धा.

"सांगा ना जी. स्पीकरवर टाकला हाय. सगळेच हाओ इथं, गुलाब हाय, बापूजीही आले."

पासवर्ड होता 'हेमराजसाहेब'.

कधीतरी एकटा असताना, गमतीत, स्वतःशीच हसून त्यानं तो ठेवला होता. कोणाला कळणार होतं? आणि आता तो भर सभेत, बापूजींच्या कानांवर, एकेक अक्षर सुटं करून सांगायचा होता. हेमराजची कानशिलं तापली. अख्खं गाव हसेल, पुढं जन्मभर पोरंटोरं पाठीमागून 'साहेब, साहेब' करतील, आणि बापूजी... ते हसणार नाहीत, ते मान फिरवतील. एवढं सगळं एका श्वासात त्याच्या मनात येऊन गेलं.

"गुरुजी, ते फोनवर नाही होत," तो म्हणाला. "तारेचं काम हाय त्यात. मलेच या लागते."

"तं मी पोरीले गाडीवर सौंसरले घेऊन जाऊ काय? तिथं नेटचं दुकान उघडं असन. टेम हाय अजून."

"नका नका. कुठीच नका जाऊ. मी सौंसरपर्यंत आलोच."

सौंसरपर्यंत आलोच, हे तो पांढुर्ण्यात, हातात पोह्यांची प्लेट धरून बोलला.

मग त्यानं गाडी अशी हाणली, की वाटेत एकदा ट्रकखाली जाता जाता वाचला. सौंसर ओलांडताना रस्त्याच्या कडेला ते नेटचं दुकान दिसलं. शटर अर्धं वर होतं, आत ट्यूबलाइट लागलेली. आत एकही गिऱ्हाईक नव्हतं. अजूनही त्याला आशा होती. पण रामाकोना गाठेपर्यंत अकरानंतरचा अर्धा तासही उलटून गेला होता.

खोलीत सगळे तसेच उभे होते. त्याला वाट करून दिली. तो बसला, पासवर्ड टाकला, ओळी मारल्या. नेट आलं. कोणी "आलं, आलं" म्हणालं नाही. दामिनीनं परीक्षेचं पान उघडलं. त्यावर लाल अक्षरांत एक ओळ होती : प्रवेशाची वेळ संपली आहे. तिनं ती दोनदा वाचली, पेनाला टोपण लावलं आणि हात मांडीवर ठेवले.

"लाइटीनं घात केला," गुरुजी म्हणाले.

गुलाब पोरीकडे पाहत होता. "लाइट तं लगेच आली होती. तू काही दाबलं तं नाही ना त्या मशीनीले? तुले धीर नाही राहत."

"नाही बाबा. मी हातच नाही लावला."

"मंग आधी चालू होतं ते बंद कसं झालं?"

गुलाबनं हेमराजकडे पाहिलं. त्याला जाणकार माणसाकडून उत्तर हवं होतं. हेमराज खाली वाकून एक तार गुंडाळत होता. ती गुंडाळायची काही गरज नव्हती. त्यानं ती सोडली आणि परत गुंडाळली. गुलाबनं पोरीचा दंड धरला आणि तिला घेऊन निघून गेला. जाता जाता एक जण हेमराजच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुमी काय करान जी. तुमी तं जीव टाकून आले."

त्याच दुपारी त्यानं गुरुजींकडून किल्ली घेतली, म्हणाला, तपासून घेतो. एकटाच बसला. फाइल उघडली, त्या ओळी लिहिल्या, पासवर्ड बदलला. मग संगणकाचं बटण बंद करून परत चालू केलं आणि हात बाजूला घेतले. संगणक जागा झाला, दोन्ही कार्डांचे दिवे हिरवे लुकलुकले, आणि नेट आपलं आपण सुरू झालं. तेवढंच ते काम. हेमराजला तिथं बसल्या बसल्या रडू कोसळलं. आपली आपल्याला एवढी किळस त्याला आयुष्यात कधी आली नव्हती.

त्यानंतर मे गेला, जून गेला. लाइट जात होती, येत होती, नेट चालत होतं. दाराशी कोणी येईना. गुलाबची पोरगी आता अभ्यासिकेत दिसत नव्हती, बापासोबत बगिच्यात जात होती. हेमराजनं रस्ता बदलला. जिनिंगवर जायला बगिच्यावरून जवळ पडायचं, तो लांबून जाऊ लागला. जेवताना हात थांबायचा. अमिता विचारून विचारून थकली. रोज तो ठरवायचा, आज गुलाबला सांगू. आणि रोज त्याला असं काहीतरी सुचायचं, ज्यानं उद्यावर ढकलता येईल. असं उद्यावर ढकलण्यात तो जुना वाकबगार होता.

आणि मग विहार समितीनं त्याचा सत्कार ठरवला.

कारण काय, तर त्यानं असं काही काम करून ठेवलं, की एप्रिलपासून नेट एकदाही बंद पडलं नाही! आषाढ पौर्णिमेला वर्षावासाचा कार्यक्रम होता, त्यातच हे उरकायचं ठरलं. नको नको म्हणून पाहिलं, पण जितकं नको म्हणावं तितकं लोकांना ते शोभून दिसत होतं. बापूजींनी त्यासाठी आशिषला बैतूलहून बोलावून घेतलं, आणि स्वतःसाठी पेटीतून पांढरं धोतर काढलं.

पंचशील झालं, भाषणं झाली. शाल अंगावर पडली. पुष्पगुच्छ द्यायला गुरुजींनी दामिनीचं नाव पुकारलं. अभ्यासिकेची हुशार विद्यार्थिनी, म्हणून. ती पांढऱ्या ओढणीत पुढं आली, गुच्छ दिला, आणि त्याच्या तोंडाकडे न पाहता परत जाऊन बसली. हेमराजला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. तो उभा राहिला. ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघालं.

"हा सत्कार माह्या हक्काचा नाही. जे काम मी एप्रिलमंदी केलं, ते मले पहिल्याच दिवशी करता आलं असतं. मी केलं नाही. केलं असतं तं तुमाले कधीच मले बलवा नसतं लागलं. माह्या चुकीनं नुकसान झालं."

मग टाळ्या. गुरुजी माइकवर म्हणाले, "पाहा, याले म्हणते मोठेपणा! दुसऱ्याच्या दुःखाचा भार आपल्या माथ्यावर घेऊन राहिले." टाळ्या आणखी वाढल्या. बापूजी डोळे पुसत होते. सबंध विहारात दामिनी तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती त्याच्याकडे एकटक पाहत होती.

कार्यक्रम संपल्यावर चपला घालताना ती जवळ आली.

"काकाजी, लोकायले नाही समजलं. मले समजलं."

हेमराजनं मान खाली घातली.

"मंग केलं काऊन नाही?"

"बोलावणं यावं म्हणून," तो म्हणाला. एवढं हळू, की तिला ऐकू गेलं की नाही ते त्यालाच कळलं नाही. गेलं असावं, कारण ती एक पाऊल मागं सरकली.

"हे बाबाले सांगा," ती म्हणाली. "मले माफी नका मागू. बाबा अजून म्हणते, तू काहीतरी दाबलं. पुढच्या वर्षीचा पेपर देऊ का म्हटलं तं म्हणते, तुले धीर नाही, तुह्याच्यानं होणार नाही. माह्या बोलण्यावर भरोसाच नाही राहिला त्यायचा."

शाल तशीच काखेत मारून हेमराज बगिच्यावर गेला. दिवस मावळायला होता. गुलाब संत्र्याच्या झाडांची आळी नीट करत होता. हातात फावडं, गुडघ्यापर्यंत चिखल. हेमराजला पाहून त्यानं फावडं टेकवलं, "या ना भाऊ," म्हणाला, आणि घराकडे तोंड करून बायकोला हाक दिली, "शोभा, चहा ठेव!" मग नुकत्याच घरी पोचलेल्या पोरीला बाज आणायला सांगितली. सत्कार झालेला माणूस, म्हणून बसायला बाज. हेमराज बाजेवर बसला नाही, आळ्याच्या काठावर तसाच उकिडवा बसला.

"गुलाबभाऊ, तुमी झाडाले पाणी कसं देता?"

गुलाबनं चमकून पाहिलं. "मातीच्या दांडानं देतो. पाळी आली का दांड फोडाचा, झालं का बुजवाचा."

"अन् पाइप टाकला तं?"

"तं मले या नाही लागत. आपोआप जाते."

"तसंच होतं ते. मी दरवेळी येऊन दांड फोडत होतो. पाइप माह्याजवळ होता. पहिल्या दिवसापासून होता. मी टाकला नाही. तुमी लोकायनं मले बलवावं म्हणून नाही टाकला. दामिनीनं काहीच नव्हतं दाबलं, गुलाबभाऊ. तिनं हातही नव्हता लावला. लाइट गेली का ते जातच होतं. मले माहीत होतं."

शोभा चहा घेऊन आली होती, ती वाटेतच थांबली.

"अन् त्या दिवशी," गुलाबनं सावकाश विचारलं, "सौंसरपर्यंत आलो म्हणले होते तुमी?"

"पांढुर्ण्यात होतो. पोहे खाऊन राहिलो होतो. फोनवर सांगता आलं असतं, तेही सांगितलं नाही. लाज वाटली. गुरुजी पोरीले सौंसरले नेतो म्हणाले, मीच नका नेऊ म्हटलं."

आता फावडं आपल्या डोक्यात बसेल, असं हेमराजला वाटलं. बसलं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं. पण गुलाबनं फावडं झाडाला टेकवलं. बादलीत हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतला चिखलसुद्धा चोळून चोळून काढला.

"दामिनी," त्यानं हाक मारली. "इकडं ये, माय."

ती आली. बाप तिच्यासमोर उभा राहिला.

"त्या रोजी घरी आल्यावर मी तुले मारलं ना. तू म्हणत होती बाबा मी नाही, बाबा मी नाही. मी मारतच राहिलो."

हेमराजला हे ठाऊक नव्हतं. तीन महिने त्यानं जे जे काही मनात आणलं होतं, त्यात हे नव्हतं.

गुलाबनं दोन्ही हातांनी आपले कान धरले. चाळिशी ओलांडलेला, चार माणसांत कधी आवाज खाली न घेणारा तो बाप पोरीसमोर कान धरून उभा राहिला. दामिनीनं "बाबा, सोडा, सोडा ना" म्हणत त्याचे हात खाली ओढले, तर तो परत धरू लागला. शोभानं चहाचा कप खाली ठेवला आणि ती त्या दोघांजवळ गेली. तिघं तिथं झाडाखाली एकमेकांना धरून उभे राहिले, आणि पोरगी त्या दिवसापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

ते कान खरं तर हेमराजनं धरायचे होते. त्यानं हात वरही नेले. पण त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं. तो बराच वेळ तसाच उकिडवा बसून राहिला, काखेतली शाल चिखलात लोळत होती. त्याला कोणी बस म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.